कमरेखाली कापलेलं चित्र

चित्र कमरेपाशी संपतं. वर एक स्त्री आहे. काळे कुरळे केस, मधोमध भांग, केसांचा संभार दोन्ही बाजूंना फुललेला. अंगात सोनेरी काठाची बंडी, गळ्यात आणि मनगटात दागिने. हातांनी वर धरलेला एक जाडजूड साप, छातीवरून वर सरकणारा दुसरा. नजर सरळ आपल्यावर. कोपऱ्यात एक छोटी चौकट आहे. तिच्यात सापांच्या गराड्यात बसून वाद्य वाजवणारं एक पोर.

१८८० च्या दशकात जर्मनीतल्या हाम्बुर्गमध्ये, आडोल्फ फ्रीडलेंडर यांच्या छापखान्यात हे पोस्टर तयार झालं. सर्कशी, जादूगार, 'दूरदेशची माणसं' दाखवणारे तंबूचे खेळ यांची रंगीत पोस्टरं ही या छापखान्याची खासियत. चित्रातली बाई गारुडीण आहे. त्याच काळात युरोप-अमेरिकेत सापांचे खेळ करणारी एक कलावती 'नल दमयंती' अशा नावाने गाजत होती. पोस्टरवरची बाई तीच असावी, असं काही अभ्यासक म्हणतात; दुसरे काही हाम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकच्या खेळांत काम करणाऱ्या एका आशियाई बाईकडे बोट दाखवतात.

खलाशांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर हे पोस्टर पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलं. नायजर नदीच्या मुखाजवळच्या बॉनी गावचा छायाचित्रकार जे. ए. ग्रीन याने १९०१ मध्ये तिथल्या एका विधीच्या शिरोभूषणाचा फोटो काढला. लाकडात कोरलेल्या त्या मूर्तीचा भांग तोच, केस तेच, साप तसेच वर धरलेले. म्हणजे पंचवीस वर्षंही उलटली नव्हती आणि हाम्बुर्गची गारुडीण इथल्या पाण्याची मालकीण झाली होती. तिचं नाव मामी वाटा. संपत्ती देणारी, रूपवान, लहरी, भक्ताकडून एकनिष्ठेची अपेक्षा ठेवणारी. तिची चित्रं आज सेनेगलपासून काँगोपर्यंत भिंतींवर, दुकानांच्या पाट्यांवर, बसच्या मागे दिसतात. बहुतेक चित्रांत तिला कमरेखाली माशाची शेपूट असते.

यंदाच्या अंकाचा विषय 'जोडकाम' आहे, असं संपादकांनी कळवलं. कोलाज करणाऱ्यांना जलपरीचं एवढं वेड का, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं होता. हस्तकलेच्या पुस्तकांत, कलाशाळांच्या प्रदर्शनांत, वहीवर कात्रणं चिकटवणाऱ्या हौशी मुलींच्या कामात ती पुन्हा पुन्हा भेटते. एक उत्तर उघड आहे: ती मुळातच दोन तुकड्यांची आहे. सांधा कुठे येणार ते ठरलेलं, आणि त्या सांध्यावर काय करायचं याची पूर्ण मोकळीक. पण या उत्तराने माझं समाधान होत नव्हतं. जलपरीचं सगळ्यांत मोठं, सगळ्यांत दमदार जोडकाम मला मामी वाटाच्या देव्हाऱ्यांत दिसतं. आणि त्यातले काही तुकडे थेट आपल्याकडचे आहेत.

मुंबईला आलेली ऑर्डर

१९५५ साली घानातल्या कुमासी शहरातून मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीकडे एक जुनं चित्र आलं. सोबत ऑर्डर: मूळ चित्राबरहुकूम छापून द्या. चित्र तेच, हाम्बुर्गच्या गारुडिणीचं. कंपनीने १० बाय १४ इंचांच्या १२,००० प्रती छापल्या आणि बोटीने कुमासीला रवाना केल्या. अमेरिकी कलाभ्यासक हेन्री जॉन ड्रूअल यांनी मामी वाटाचा माग काढता काढता हा धागा शोधला. पुढे २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयात त्यांनी मामी वाटावर मोठं प्रदर्शन भरवलं. त्यानंतर तिच्यावर बोलणारा कोणीही मुंबईच्या या कंपनीचं नाव टाळून पुढे जाऊ शकत नाही. मुंबईत मात्र ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही.

कॅलेंडरच्या धंद्याची आजची हवा घ्यावी म्हणून मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर गेले. दिवाळीच्या आधी इथे नव्या वर्षाच्या कॅलेंडरांची घाई असते. घाऊक दुकानात गिऱ्हाइकापुढे नमुन्यांचा जाड अल्बम टाकतात. गिऱ्हाईक पानं उलटत जातं: लक्ष्मी, गणपती, साईबाबा, हिमालय, गुबगुबीत बाळ. देव ठरला की खालच्या मोकळ्या पट्टीत दुकानाचं नाव, पत्ता, फोन छापून घ्यायचा. वर पत्र्याची पट्टी, मध्ये दोरा, खाली तारखांची गड्डी. चित्र कोणाचं आणि नाव कोणाचं, याचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं नाही. सिमेंटवाल्याच्या नावावर सरस्वती असते. या धंद्यात चित्र हा नेहमीच सुटा भाग होता. कोणीही यावं, चित्र उचलावं, स्वतःच्या गोष्टीला जोडावं. कुमासीच्या व्यापाऱ्याने याच रिवाजाने ऑर्डर दिली होती. त्याची गोष्ट तेवढी वेगळी होती.

तिथून चालत मी चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर गेले. जुनी चित्रं विकणाऱ्या एका दुकानात भिंतीला टेकून ठेवलेली एक लक्ष्मी होती. चित्र छापील, जुन्या ओलियोग्राफचं. पण साडीच्या जागी खरं कापड चिकटवलेलं, गडद हिरवी मखमल, कडेला जरीची किनार. पदरावर टिकल्या शिवलेल्या, बऱ्याचशा काळवंडलेल्या. गळ्यात खोटे मोती. चेहरा, हात आणि कमळ एवढंच छापील उरलेलं. मखमलीची कड जिथे छापील मानेला भिडते तिथे कापणाऱ्या बाईने (बाईच असणार, असं मला वाटतं) खांद्याची गोलाई इतकी नेमकी साधली होती, की कागद कुठे संपतो ते बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. छापील देवाला असा खरा साज चढवायची पद्धत एके काळी घरोघरी होती. आज कलादालनांत ज्याला 'मिक्स्ड मीडिया' म्हणतात ते हेच. आपल्या आज्या-पणज्यांना या कामाचं श्रेय कधी कोणी दिलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेपूट कोणी जोडली

पाण्यातले देव पश्चिम आफ्रिकेला नवे नव्हते. नद्यांचे, खाड्यांचे, डोहांचे आत्मे तिथे फार जुने. मगर, साप, मासा यांच्या रूपात ते कोरले जात. पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजं आली. त्यांच्या नाळेवर, नकाशांवर, पुस्तकांत युरोपची जलपरी होती, एका हातात आरसा आणि दुसऱ्यात फणी घेतलेली. सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरच्या सापी कारागिरांनी पोर्तुगिजांच्या मागणीवरून हस्तिदंताची मिठाची भांडी कोरून दिली. १५०० च्या आसपासच्या या कामांत जलपरी दिसते. समुद्रातून आलेली, गोरी, श्रीमंत, परक्या भाषेत बोलणारी माणसं आणि त्यांच्याबरोबर आलेली ही अर्धी बाई. पाण्यापलीकडे संपत्ती आहे आणि ती संपत्ती धोक्याची आहे, हे किनाऱ्यावरच्या माणसांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलं. याच जहाजांनी पुढे त्यांची माणसंही नेली.

मग शतकांनंतर हाम्बुर्गचं पोस्टर आलं. त्यात शेपूट नव्हती, पण चित्र कमरेपाशी कापलेलं होतं, आणि माझ्या मते सगळी किमया त्या कापण्यात आहे. कागद जिथे संपला तिथून पुढे पाहणाऱ्याला वाट मोकळी मिळाली. कमरेखाली पाय आहेत असं चित्रकाराने कुठे सांगितलंय? जहाजावरच्या जलपरीचा खालचा भाग आणि पोस्टरवरच्या गारुडिणीचा वरचा भाग एकमेकांना जोडले गेले, आणि साप तर आधीपासून इथलाच होता, देव म्हणून पुजलेला. तीन ठिकाणचे तुकडे, एक देह.

याला काही जण 'गैरसमज' म्हणतात: आफ्रिकेतल्या भोळ्या लोकांना सर्कशीचं पोस्टर देवीचं वाटलं, असा त्याचा सूर. मला हे साफ नामंजूर आहे. ज्यांनी हे पोस्टर उचललं त्यांना ते परदेशी आहे हे पक्कं माहीत होतं. परदेशी आहे म्हणूनच ते उचललं. मामी वाटा समुद्रापलीकडची आहे, तेव्हा तिचं रूपही पलीकडूनच यायला हवं. यात विचार आहे, निवड आहे, आणि हजार चित्रांतून हेच एक चित्र हेरणारी तयार नजर आहे.

उलट्या बाजूने भरलेली सागरकन्या

बेनिन, टोगो, काँगोच्या किनाऱ्यांवरून गुलाम म्हणून नेलेली माणसं हैतीच्या उसाच्या मळ्यांत पोहोचली. त्यांच्या देवांबरोबर पाण्यातली बाईही पोहोचली. तिथे ती ला सिरेन: समुद्राचा देव आग्वे याची पत्नी, हातात आरसा, फणी आणि कधी तुतारी. तिथल्या वोदू धर्माच्या मंदिरांत पूजेच्या सुरुवातीला टिकल्यांनी मढवलेले ध्वज मिरवत आणतात, त्यांना 'द्रापो' म्हणतात. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, पेन्सिलीने आकृती काढायची, मग टिकली, टिकलीवर मणी, टाका. पुन्हा टिकली, मणी, टाका. एका ध्वजावर हजारो टिकल्या बसतात. मंदिरातल्या मेणबत्त्यांच्या उजेडात कापड हललं की सगळी आकृती खवल्यांसारखी चमकते. जलपरीला याहून चोख माध्यम दुसरं नाही.

या कलेला मिरलांद कोन्स्तान यांनी नव्वदच्या दशकात वेगळंच वळण दिलं. १९६८ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये जन्मलेल्या मिरलांद तरुणपणी लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात आईबरोबर काम करत. तिथे त्या 'तांबूर' भरतकाम शिकल्या: टोकाला आकडी असलेली सुई, ताणलेलं कापड, मणी ओवलेला दोरा खालच्या अंगाला. काम करणाऱ्याला समोर कापडाची उलटी बाजू दिसते, मणी पलीकडे बसत जातात. कारखान्यातली ही पद्धत त्यांनी ध्वजांना लावली. टिकल्यांऐवजी मण्यांनी भरलेले त्यांचे ध्वज खोलीच्या भिंतीएवढे होत गेले, आणि त्यांत एकट्या देवतेच्या जागी अख्खे प्रसंग आले: समुद्राच्या तळाशी भरलेला दरबार, मासे, नावा, माणसं. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये त्यांचं काम मांडलं गेलं.

ही आकडीची सुई आपल्या ओळखीची आहे. युरोपात अठराव्या शतकात तांबूर काम भारतातून गेलं. आपल्याकडे या सुईला आरी म्हणतात. धारावीतल्या एका कारखान्यात कापड ताणलेल्या अड्ड्यावर वाकून बसलेल्या कारागिरांना मी मिरलांद यांच्या एका ध्वजाचा फोटो दाखवला. त्यांच्यातल्या वयस्कर चाचांनी मोबाइल हातात घेऊन चित्र दोन बोटांनी मोठं केलं, शेपटीपाशी थांबले आणि म्हणाले, "आरी का काम है. पलटके दिखाओ." फोटो पलटून दाखवता येत नाही, याची त्यांना खरीच हळहळ वाटली. कसब मागच्या बाजूलाच कळतं, असं त्यांनी समजावून सांगितलं: दोरा कुठे तोडला, कुठे गाठ मारली, मणी सुटला तर एकच सुटेल की ओळच्या ओळ उसवेल.

हैतीतलंच दुसरं जोडकाम पत्र्याचं. क्रुआ-दे-बुके गावचा लोहार जॉर्ज लिओतो दफनभूमीसाठी लोखंडी क्रूस घडवायचा. १९५३ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सच्या 'सांत्र दार' या कलाकेंद्राच्या ड्यूइट पीटर्स यांच्या नजरेला ते क्रूस पडले, आणि लिओतो शिल्पं करू लागला. जलपरी त्याच्या कामात पुन्हा पुन्हा येते. साहित्य म्हणजे तेलाची रिकामी पिंपं. ५५ गॅलनच्या पिंपाची दोन्ही तोंडं कापतात, आत वाळका पालापाचोळा भरून पेटवतात, म्हणजे उरलंसुरलं तेल आणि रंग जळून जातो. मग उभी चीर पाडून, ठोकून ठोकून सपाट करतात. साधारण सहा फूट बाय तीन फुटांचा पत्रा मिळतो. त्यावर खडूने जलपरी आखायची आणि छिन्नी-हातोड्याने कोरायची. खवले एकेक ठोक्याने उठतात. गावात या कामाची मोठी वसाहत उभी राहिली. गेल्या काही वर्षांत सशस्त्र टोळ्यांनी हा भाग ताब्यात घेतला आणि कित्येक कारागिरांना भट्ट्या-हातोडे टाकून पळावं लागलं. पिंप बंदरातून येतं, बंदराकडचा रस्ता टोळ्यांच्या हातात, आणि घडवलेली जलपरी विकत घेणारा पर्यटकही येत नाही.

मासिकांची कात्रणं

कात्री आणि डिंक या अर्थाने ज्याला आपण कोलाज म्हणतो, त्यात जलपरीला सगळ्यांत खोल नेलं ते वांगेची मुटू यांनी, असं माझं मत आहे. त्यांचा जन्म १९७२ चा, नैरोबीचा; पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या. फॅशनची मासिकं, मोटरसायकलींची मासिकं, वन्यजीवांचे फोटो, जुन्या वैद्यकीय पुस्तकांतल्या आकृत्या हा त्यांचा कच्चा माल. एका मॉडेलचे ओठ, मोटरसायकलचा पाइप, हरणाचा खूर, यांतून त्या बाईचा देह उभा करतात. अनेक चित्रं त्यांनी मायलार या प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर केली आहेत. कागद शाई पितो. मायलार पीत नाही. शाई पृष्ठभागावर थबकते, तिची डबकी होतात, वाळताना कडा गडद होतात आणि मध्ये डाग राहतात. त्वचेवर चट्टे उठावेत तशी ती दिसते. सुंदर आणि आजारी एकाच वेळी.

२०१४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया मीरो दालनात त्यांचं 'नगुवा ना न्योका' हे प्रदर्शन झालं, म्हणजे जलस्त्रिया आणि सर्प. केनियाच्या किनाऱ्यावर नगुवाच्या गोष्टी सांगतात: समुद्रातून बाईच्या रूपात येणारी, माणसाला भुलवून नेणारी. त्याच पाण्यात राहणाऱ्या, समुद्री गवत खाणाऱ्या डुगाँग या प्राण्याचंही नाव नगुवा. मुटूंच्या जलस्त्रिया गोड नाहीत. त्यांच्या अंगाला केस आहेत, गवत आहे, शेवाळ आहे. बाईचं सौंदर्य विकणाऱ्या मासिकांतूनच त्यांचे अवयव कापलेले आहेत, त्यामुळे चित्रासमोर उभ्या राहिलेल्या बाईला आपल्याच शरीराकडे कोण कसं बघतं याचा हिशेब करावा लागतो. मुटूंनी २०१७ मध्ये केलेलं 'वॉटर वुमन' हे ब्राँझचं शिल्प पाहिलं की कळतं, सांधा दिसेनासा झाल्यावर जलपरी किती शांत होते. कात्रणांतली जलपरी शांत होत नाही; प्रत्येक तुकडा आपलं मूळ पान विसरायला तयार नसतो. कोलाजची ताकद मला तिथे वाटते.

आपल्याकडे भूपेन खख्खर यांनी १९६५ च्या आपल्या पहिल्या एकल प्रदर्शनात देवांची बाजारी छापील चित्रं कापून आरशांवर चिकटवली होती, वर रंगाचे फटकारे आणि भिंतीवर खरडल्यासारखी अक्षरं. मुंबईत जन्मलेल्या खख्खरांनी ही चित्रं रस्त्यावर, दुकानांत, घरांत बघितलेली. आरसा आणि देवाचं कॅलेंडर ही जोडी त्यांनी कलेत आणली, तेव्हा तीच जोडी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या देव्हाऱ्यांत रोज पुजली जात होती.

मळवलीचा दत्त, उईदाचा देव्हारा

राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. शहरात प्लेग आला, आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. यंत्रं जर्मन, कारागीर जर्मन. पुढे छापखाना विकत घेणारे फ्रिट्झ श्लायशर हेही जर्मनच. एकेका रंगासाठी एकेक दगड, दगडावर चित्र उलटं. दादासाहेब फाळके काही काळ इथे काम करत होते. १९७२ च्या आगीत छापखाना खाक झाला. पण रविवर्मांच्या आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या छापखान्यांनी लक्ष्मी, सरस्वती, शंकर, दत्त घराघरांत पोहोचवले होते, आणि घराघरांत म्हणताना आता मला फक्त इथलीच घरं म्हणता येत नाहीत. विसाव्या शतकात सिंधी व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत पेढ्या उघडल्या. त्यांच्या गल्ल्यामागे लक्ष्मी टांगलेली असे. कमळ पाण्यात, हातातून नाणी गळतायत, आणि दुकान भरभराटीला आलेलं. मामी वाटाच्या भक्तांना आणखी काय पुरावा हवा होता? भारतातून आलेली देवांची चित्रं लवकरच टोगोतल्या लोमे आणि बेनिनमधल्या कोतोनूच्या बाजारांत मिळू लागली.

कोतोनूहून पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटरवर उईदा आहे. गावात एका बाजूला मोठं कॅथलिक चर्च, त्याच्यासमोर अजगरांचं मंदिर. तिथून लाल मातीचा रस्ता समुद्राकडे जातो. याच रस्त्याने गुलामांना जहाजांकडे नेत. जानेवारीत देशभर वोदून धर्माची सुट्टी असते आणि हा रस्ता पांढऱ्या कपड्यांतल्या भक्तांनी भरून जातो. मी गेले तेव्हा रस्ता रिकामा होता. फ्रेंच आणि तिथली फोन भाषा, दोन्ही येणारा एक तरुण दुभाषा सोबत होता.

मामी वाटाची पुजारीण असते तिला मामिसी म्हणतात. ज्यांच्याकडे गेलो त्या सत्तरीच्या असतील. दुभाषा त्यांना 'मामां' म्हणत होता, मीही तेच म्हणू लागले. घराच्या भिंतीवर निळ्या रंगात जलपरी, गळ्यात साप. चपला बाहेर. आत पावडरीचा आणि अत्तराचा दाट वास. देव्हारा म्हणजे खोलीची एक पूर्ण बाजू. पांढऱ्या कापडाच्या पायऱ्या, त्यावर आरसे, फण्या, टाल्कम पावडरीचे डबे, अत्तराच्या बाटल्या, फांटाच्या न उघडलेल्या बाटल्या, प्लास्टिकची बाहुली, गॉगल, नाण्यांनी भरलेली काचेची बशी, शिंपले, चिनी मातीची बदकं. दारू नाही, मामीला गोड लागतं. मधोमध हाम्बुर्गची गारुडीण, रंग उडालेली. तिच्या एका बाजूला लक्ष्मी. आणि दुसऱ्या बाजूला, लाकडी चौकटीत, आपला दत्त.

तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायांशी चार कुत्रे. मी नकळत हात जोडले. मामांनी ते बघितलं आणि दुभाष्याला काहीतरी विचारलं. त्यांच्यासाठी हा डेन्सू. मामी वाटाच्या परिवारातला पाण्याचा पुरुषदेव, अमाप देणारा. ड्रूअल यांनी टोगो-बेनिनच्या मामी वाटा पूजेत दत्ताचं हे रूपांतर नोंदवलं आहे. अभ्यासक डाना रश यांनी बेनिनच्या किनाऱ्यावरच्या वोदूनवर लिहिताना या भारतीय चित्रांचा सविस्तर मागोवा घेतला. घानाचे चित्रकार जोसेफ कोसिवी आहियातोर यांनी तर 'मामी वाटाचा भारतीय राजा' असं मोठं चित्रच २००५ मध्ये रंगवलं. हे सगळं वाचून गेले होते. तरी नरसोबाच्या वाडीला लहानपणी ज्याच्यापुढे उभी राहिले, त्याला या खोलीत बघून गळा दाटून आला.

हे देव्हारे कसे बांधले जातात ते मला तिथे नीट कळलं. भक्त चित्राकडे फक्त बघत नाहीत, ते चित्र वाचतात, एकेका वस्तूवर बोट ठेवून. चित्रात निरांजन आहे, मग इथे मेणबत्ती हवी. चित्रात धूप आहे, मग उदबत्ती हवी. चित्रात कलश दिसतो, मग इथे पितळेचं भांडं. दत्तासमोर चिनी मातीची एक गाय ठेवलेली होती, आणि कुत्रेही होते: दोन चिनी मातीचे, एक रबराचा, एक किल्ली दिली की मान हलवणारा. चारच. मोजून. म्हणजे कागदावरची चपटी आकृती खोलीत उतरवली जाते, तिला घनता येते, बाजारात जे मिळेल त्याच्या मदतीने. आणि हे काम कधी पुरं होत नाही. नवं स्वप्न पडलं, नवा भक्त काही घेऊन आला, नवं चित्र मिळालं, की मांडणी बदलते.

सगळे जण हे प्रेमाने बघत नाहीत. नायजेरिया-घानापासून इथपर्यंत नव्या चर्चमधले प्रचारक मामी वाटाला सैतान ठरवतात. घर बदलताना, धर्म बदलताना असे देव्हारे जाळले गेले आहेत. मामांच्या नात्यातल्या एका मुलीने येणं बंद केलं आहे. त्या हे सांगताना हातातल्या फण्या पुसून परत जागेवर लावत होत्या.

मग त्यांनी मला विचारलं: तुमच्या देशात याच्यापुढे काय ठेवता?

मी सांगितलं. गुरुवार. पिवळी फुलं. पादुका. औदुंबराचं झाड. पेढे. पेढा म्हणजे काय हे समजावताना मी दूध आटवून साखर घालतात असं म्हटलं, दुभाष्याने ते फोन भाषेत सांगितलं, आणि मामांनी मान डोलावून आतल्या मुलीला हाक मारली. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून आटवलेल्या गोड दुधाचा डबा घेऊन आली. मामांनी तो वरच्या पायरीवर, दत्ताच्या उजव्या हातांपाशी ठेवला. तिथे जागा नव्हती म्हणून अत्तराची एक बाटली खाली आली आणि बदकं सरकली. डब्यावरचं गाईचं चित्र त्यांनी समोर केलं, चिनी मातीच्या गाईच्या रेषेत. पादुकांबद्दल त्यांनी दोनदा विचारलं, लाकडाच्याच हव्यात का, अंगठा कुठे धरतो, आणि मी वहीच्या पानावर काढून दाखवल्यावर ते पान घडी घालून चौकटीच्या मागे खोचलं. सुतार ओळखीचा होता. पिवळी फुलं मात्र त्या दिवशी बाजारात नव्हती, प्लास्टिकची चालतील का, असं त्यांनी विचारलं. मी चालतील म्हटलं.